शेवट फोडणारा माणूस

अप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन आता सव्वा वर्ष होत आलं. भेटायला येणारे अजूनही "ते सिनेमात होते ना?" असं विचारतात आणि मी हो म्हणते. पडद्यावर ते कधी दिसले नाहीत. ते पाय करत असत. सिनेमात माणूस जिना चढतो, चिखलातून पळतो, दारापाशी येऊन घुटमळतो, तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतात. ती नंतर एका बंद खोलीत, समोर मूक चित्र चालू असताना, दुसराच कुणीतरी वाजवत असतो. साळिग्रामला तमिळ सिनेमांच्या एका स्टुडिओत सव्वीस वर्षं तो दुसरा कुणीतरी म्हणजे अप्पा. त्यांच्या शेजारी कुमरेसन मामा बसत, त्यांच्याकडे हात. पेले, तलवारी, थपडा, लुगड्याची सळसळ, पत्र फाडणं. दोघं मिळून एक अख्खा माणूस होत असे, आणि तो माणूस कधी नायक असे, कधी खलनायक, कधी गरोदर बाई.

पश्चिम मांबळमला आमची माडीवरची दोन खोल्यांची जागा होती. पलंगाखाली बूट, कपाटावर बूट, देवघराच्या मागच्या फळीवर खडावांचे तीन जोड. त्यातला एकही अप्पा रस्त्यावर घालत नसत. कामावर जाताना पायांत साधी रबरी चप्पल. न्हाणीघरात ओली पोती आणि सुपारीची वाळकी पानं. आई उडदाचे पापड करून डब्यात भरून ठेवी आणि ते कमी होत. "हाडं मोडायला दुकानातले आणा हो, माझे कां नेता?" असं ती म्हणे. अप्पा शांतपणे सांगत की दुकानातल्या पापडानं बोट मोडतं, बरगडी मोडायला तुझाच लागतो. आईला हे कौतुक वाटे की अपमान, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी ताकातलं डांगर, भात, वर मेतकूट, आणि अप्पा जेवता जेवता पाटाखाली टाचेनं काहीतरी हलकेच वाजवून बघत असलेले, हे आमचं घर.

आमची मराठी तंजावरची. जे पूर्वज इकडे आले ते ती बरोबर घेऊन आले, आणि मग परत जाऊन ती बदलून आणायला कुणाला सवड झाली नाही. मी इथं जी लिहिते ती पुस्तकातून शिकलेली. घरात ही बोलले असते तर आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण आमच्या मराठीचा खरा उपयोग घराबाहेर होता. ती आमचं कुलूप होती. साडीच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर "हा लुटतो, पलीकडच्याकडे जाऊं" असं म्हणायचं आणि हसून निघायचं. बसमध्ये समोरच्या बाईच्या नाकातली चमकी खरी की खोटी यावर आई आणि मी तिच्याकडे बघत चर्चा करायचो. असे आम्ही सभ्य लोक. चारचौघांत मराठीत बोललेलं म्हणजे मनातल्या मनात बोललेलं, अशी आमची पक्की समजूत होती, आणि अप्पांची तर त्याहून पुढची. त्यांच्या मते मराठीत सांगितलेलं हे सांगितलेलंच नसतं. स्टुडिओत चाललेल्या सिनेमाची गोष्ट त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला तमिळमध्ये सांगितली नाही. घरी मात्र आईला आणि मला अस्कं, म्हणजे सगळं, ठाऊक असे. कोण मरतो, कोण जुळा निघतो, कुणाला शेवटी सगळं आठवतं. माझा भाऊ रघू माझ्याहून दीड वर्षानं लहान. त्याला सांगत नसत, कारण रघू मराठीत ऐकून तमिळमध्ये उत्तर देई.

मी महाविद्यालयात होते तेव्हा एका वर्षी एक मोठा हेरपट येणार होता. नायकाचं नाव लिहीत नाही. त्याचे चाहते त्याला 'अण्णन्' म्हणत, म्हणजे मोठा भाऊ, आणि रघूसह शहरातली हजारो मुलं त्याची धाकटी भावंडं होती. खऱ्या बहिणीला एक ग्लास पाणी न देणारी ही भावंडं अण्णन्‌च्या वाढदिवसाला रक्तदान करत. प्रदर्शनाला दोन महिने असताना कुठूनतरी अकरा सेकंदांची एक चित्रफीत बाहेर पडली. अण्णन् ओल्या जिन्यावर पडला आहे, सदऱ्यावर रक्त आहे, डोळे मिटलेले. एवढंच, आणि आवाज नाही. शहराला सुतक आलं.

अण्णन् मरतो का, हा प्रश्न होता. रघू फोनवरच्या चाहत्यांच्या एका ग्रुपचा व्यवस्थापक, त्यामुळे आमच्या माडीवर रोज दुपारी चार-पाच जण जमत आणि आईच्या हातची कॉफी पीत त्या अकरा सेकंदांवर बोलत. ज्यांनी परीक्षेत प्रश्नपत्रिकेची मागची बाजू कधी उलटून पाहिली नव्हती, ती ही मुलं. त्यांनी ती फीत थांबवून थांबवून इतक्या वेळा पाहिली की सदऱ्याचं वरून तिसरं बटण नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. त्या बटणावर तीन पंथ झाले. एकाचं म्हणणं, बटण गोळीनं उडालं, म्हणजे अण्णन् मेला. दुसऱ्याचं, बटणात कॅमेरा होता आणि तो अण्णन्‌नं स्वतःच काढून ठेवला, म्हणजे हे सगळं नाटक. तिसरा पंथ सेंथिलचा. सेंथिल हा रघूचा जिवलग मित्र, उंच, फार कमी बोलणारा, आणि म्हणून विचारवंत समजला जाणारा. तो म्हणाला, "मच्चान," म्हणजे दोस्ता, "पडलेला माणूस अण्णन् नाहीच. अण्णन्‌च्या उजव्या भुवईत खाच आहे, याच्या डाव्या. हा जुळा भाऊ. शत्रुदेशात वाढलेला."

"आरसा असेल," मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले.

त्यांनी भुवई पुन्हा बघून घेतली. मग रघू म्हणाला, "अक्का, तुला सिनेमातलं काय कळतं?" त्या संध्याकाळी आरशाचा चौथा पंथ निघाला, सेंथिलच्या नावावर.

आता या वयात मला त्यांच्यावर इतकं हसू नये असं वाटतं. मी महाविद्यालयात तेव्हा एका जुन्या काव्यातल्या एका ओळीवर तीन विद्वानांची तीन मतं पाठ करत होते, आणि त्यांच्यापैकी कुणी इतका वेळ त्या ओळीकडे बघितलं असेल असं मला वाटत नाही. पण तेव्हा मी हसायचे, आणि हसण्याचं दुसरं कारण असं की मला शेवट ठाऊक होता. म्हणजे अर्धा. अप्पांनी एवढंच सांगितलं होतं की अण्णन् त्या जिन्यावरून उठतो.

उरलेला अर्धा शोळिंगनल्लूरहून परत येताना कळला. तिथं आत्याच्या नातवाचं बारसं होतं. दुपारी जेवून अप्पा, आई आणि मी बसमध्ये बसलो. रघू आला नव्हता. बटणाची बैठक होती. अप्पांनी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या आणि ते सुखात होते. आईनं विचारलं, "मग तो उठतो, पुढे काय?" आणि अप्पांनी, भरल्या बसमध्ये, घरातल्याच आवाजात सांगायला सुरुवात केली.

"पहिल्या रिळांत एक माणूस येतो की, तोंड दिसत नाही, नुसते पाय. डावा पाय जरा ओढतो. तो देशाचा शत्रू. आणि अण्णन्‌ला ज्यानं हेरगिरी शिकवली तो म्हातारा मास्तर, तो नीट चालतो. अस्कं चित्र नीटच चालतो. शेवटच्या रिळांत मास्तर जिना उतरतो, एकटा, कोणी बघत नाही म्हणूनशी. तेव्हां मला सांगिटले, पहिल्या रिळांतला बूट काढा."

"अगबाई," आई म्हणाली. "मास्तर?"

"मास्तरच. दोघांला एकच बूट."

तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आजोबा, तुमची मराठी किती गोड आहे हो."

एक मुलगी होती. गळ्यात कंपनीची पट्टी, मांडीवर लॅपटॉपची पिशवी. सहा महिन्यांपूर्वी पुण्याकडून नोकरीला आलेली. आता इथं कुणीही जीभ चावली असती. आम्ही चावली नाही. आम्हाला भरून आलं. तिकडून आलेल्या माणसानं आमच्या मराठीला गोड म्हणावं, हे आमच्या घराण्यात पहिल्यांदा घडत होतं. एरवी तिकडचे लोक आमचं ऐकून हसत, किंवा इंग्रजीवर जात. अप्पा अख्खे वळून बसले. तिनं विचारलं आणि त्यांनी सांगितलं. आमचे लोक कुठून आले, डांगर कसं करतात, पाय करतात म्हणजे काय करतात. तिनं डोळे मोठे करून विचारलं, "म्हणजे खरंच शेवटी मास्तरच गद्दार?" आणि अप्पा म्हणाले, "मास्तरच. तुला ऐकूं येईल बघ, डावी टाच. मीच केलं ते." तिरुवान्मियूरला ती उतरली तेव्हा तिनं दोघांना वाकून नमस्कार केला. घरी पोचेपर्यंत अप्पा "बघ, कशी बोलत होती, नमस्कार पण केला" हेच म्हणत होते. मीही तिथंच होते, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि मलाही काही खटकलं नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना रघू फोन हातात घेऊन हसत होता. "ऐका, ऐका," तो तमिळमध्ये म्हणाला, "लोक काय काय लिहितात बघा. कोण्या बाईनं टाकलंय. म्हणे बसमध्ये एक गोड आजोबा भेटले, मराठी बोलत होते, अगदी पोथीतली मराठी. ते म्हणे सिनेमात पावलांचा आवाज करतात. आणि त्यांनी सांगितलं की मास्तर गद्दार आहे. मास्तर. बूट म्हणे एकच आहे." त्यानं घास घेतला. "तिला वाटलं गंमत. तमिळ सिनेमा तिनं एकही बघितला नसणार. आमच्या ग्रुपवर कुणीतरी भाषांतर करून टाकलं. मी दुपारीच उत्तर लिहिलं, मोठं. लिहिलं की असल्या थेरड्याला चपलेनं मारलं पाहिजे. तीनशे लोकांनी अंगठे दिले."

आईचा हात भाताच्या पातेल्यात राहिला. अप्पांनी टाच वाजवणं थांबवलं.

रघू आमच्याकडे एकेक करून बघत गेला. मराठी. बस. पावलं. अकरा सेकंदांतलं बटण शोधणाऱ्या मुलाला हे जुळवायला जरा जास्तच वेळ लागला.

"अप्पा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मराठीत, "तुम्ही यांला सांगिटलं? मला नाही?"

"तुला सांगिटलं असतं तर तूं ते तमिळमध्ये ऐकलं असतंस," अप्पा म्हणाले.

मौज अशी की लोकांनी विश्वासच ठेवला नाही. खरा शेवट सगळ्या शहरासमोर पडला होता आणि लोक त्याला ओलांडून जुळ्या भावाकडे जात होते. मास्तर गद्दार हे फार सरळ आहे, असं सेंथिल म्हणाला. निर्मात्यांनीच आपल्याला फसवायला एक म्हातारा बसमध्ये बसवला असणार, आणि त्याला मराठी बोलायला लावलं म्हणजे शोध लागू नये. या विचारावर त्याला दाद मिळाली. रघूला आपलं उत्तर मागे घ्यायचं होतं, पण मागे घेतलं असतं तर का घेतलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून त्यानं त्याच बाजूनं आणखी लिहिलं. आपल्या बापाला वाचवण्यासाठी त्यानं चार दिवस रोज बापाला मूर्ख ठरवलं, आणि मला वाटतं त्यात त्याला थोडं सुखही झालं.

पण निर्मात्यांना शेवट खरा आहे हे ठाऊक होतं. त्या जेवणानंतर पाचव्या दिवशी अप्पा दुपारीच घरी आले. कुमरेसन मामांना उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं होतं. मामांचा पुतण्या अण्णन्‌च्या चाहत्यांच्या संघात होता, आणि बूट कुठले वापरले हे खोलीत दोघांनाच माहीत होतं. अप्पांवर कुणाचा संशयच नव्हता. इतक्या वर्षांत ज्यानं तोंड उघडलं नाही, रघूच्या ग्रुपबद्दलसुद्धा नाही, त्याच्यावर कोण घेणार? आणि कुमरेसन मामांना मराठी येत नाही, मग बसमधले ते आजोबा कोण, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ती बाई गंमत करते, असं ठरलं होतं.

"गप्प राहिलात तर?" आई म्हणाली. तिनं ते हळू म्हटलं, आणि तिला लाज वाटली ते दिसलं. आमचं घर त्या पायांवर उभं होतं, रघूची अभियांत्रिकीची तीन वर्षं बाकी होती. पण मामांची बायको आणि आई दर शुक्रवारी बरोबर देवळात जात.

अप्पांनी कपाटातून एक कागद काढला. मग मला म्हणाले, "पद्मा, चल. इंग्रजी कागद आहे, तूं वाचून सांग."

तो स्टुडिओचा करार होता, आणि सही केली तेव्हा त्यांनी तो वाचला नव्हता. स्टुडिओच्या पायरीवर बसून मी वाचला. कथेचा कोणताही भाग, कोणालाही, कोणत्याही भाषेत सांगणार नाही, असं त्यात होतं. मी ते शब्द दोनदा वाचून दाखवले.

"कोणत्याही?" अप्पा म्हणाले. "असं लिहिलंय?"

"हो."

"मराठी पण धरून?"

"हो, अप्पा."

त्यांना ते मनापासून अन्यायाचं वाटलं असावं. ते उठले आणि आत गेले. आत दुरैसामी सार, म्हणजे सर, होते, स्टुडिओचे मुख्य ध्वनिमुद्रक, आणि निर्मात्यांचा एक तरुण प्रतिनिधी, ज्याच्या सदऱ्याची सगळी बटणं जागेवर होती. अप्पांनी उभ्यानंच सांगितलं की ते मीच, कुमरेसनला बोलवा.

"बसमध्ये?" दुरैसामी सार म्हणाले. "मोठ्यानं?"

"मराठीत, सार."

"मग इथं कोणाला कळतं?" सार चटकन म्हणाले, आणि मग त्यांना आपण कोणाच्या बाजूचे आहोत ते आठवलं.

प्रतिनिधीनं वही काढली. "नक्की काय सांगितलंत? जसंच्या तसं सांगा."

अप्पांनी करार पुढं केला. "ते सांगता येणार नाही," ते म्हणाले. "सही केली आहे."

मला हसू आलं नाही, आजही येत नाही. ते विनोद करत नव्हते. एकदा वाचून कळल्यावर ते तो कागद पाळत होते, एवढंच.

दोन तास लागले. कुमरेसन मामांना परत बोलावण्यात आलं. अप्पांची नोकरी राहिली, कारण त्या शहरात तसे पाय दुसऱ्याला येत नव्हते आणि सिनेमा तीन आठवड्यांवर होता. पण नामावलीतून नाव काढायचं ठरलं. पायांचं आणि हातांचं, दोन्ही कामं कुमरेसन यांच्या नावावर. आणि या सिनेमात आपण काम केलं हे अप्पांनी कुठंच, घरीसुद्धा, म्हणायचं नाही. या वेळी प्रतिनिधीनं अट तोंडीच घातली. त्याला बहुधा कागद वाया घालवायचा नव्हता.

पहिल्या आठवड्यात, दुपारच्या खेळाला, आम्ही चौघं गेलो. रघूनंच तिकिटं आणली. आमच्या मागच्या रांगेत सेंथिल आणि मंडळी होती, हातात उधळायला कागदाचे कपटे. शेवटच्या रिळात मास्तर जिन्याच्या टोकाशी आला. संगीत थांबलं. इतक्या आरडाओरडीच्या प्रेक्षागृहात मी अशी शांतता कधी ऐकली नव्हती. पहिली पायरी, नीट. दुसरी, नीट. तिसऱ्या पायरीला डावी टाच जराशी मागे राहिली, ओल्या दगडावर घासली, आणि मग आली. नुसत्या त्या आवाजानं, चेहरा दिसायच्या आधी, हजार माणसांना कळलं. कुणीतरी "अय्यो" म्हणालं. माझ्या हातावर काटा आला, आणि मला तर सगळं आधीपासून माहीत होतं.

दिवे लागल्यावर सेंथिल पुढं वाकून रघूला म्हणाला, "मच्चान, मी पहिल्यापासून म्हणत होतो, मास्तरच." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना सगळ्यांना तसंच आठवत होतं.

रघू अजून समोरच बघत होता. पडद्यावर नावं पळत होती, आणि पाय आणि हात यांच्यापुढं एकच नाव आलं आणि गेलं. बाहेर आल्यावर तो अप्पांच्या शेजारून चालायला लागला. हे तो सहसा करत नसे. "अप्पा," तो मराठीत म्हणाला, चाचपडत, एकेक शब्द शोधत, "ती तिसरी पायरी. जरा थांबूनशी पाय ओढला की. फार छान केलं तुम्ही."

बापाच्या कामाबद्दल तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता. आई आणि मी दोघी अप्पांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मी नव्हे," अप्पा म्हणाले. "कुमरेसननं केलं ते."

रघू हसला, त्याला ती थट्टा वाटली. अप्पा हसले नाहीत. पुढं कधीही विचारलं तरी हेच उत्तर मिळालं. मग हळूहळू दुसऱ्या सिनेमांबद्दलही त्यांनी बोलणं सोडलं, आणि जेवताना आई काही विचारेनाशी झाली.

गेल्या वर्षी रुग्णालयात, खोलीत आम्ही दोघंच असताना, मी त्यांना मराठीत विचारलं, "अप्पा, तो जिना कोणाचा?" निर्माता केव्हाच दुसऱ्या धंद्यात गेला होता, दुरैसामी सार नव्हते, स्टुडिओच्या जागी कपड्यांचं दुकान झालं होतं. त्यांनी दाराकडे बघितलं. नर्स केरळची होती, बाहेर कुणाशी फोनवर बोलत होती. त्यांनी ती लांब जाईपर्यंत वाट बघितली आणि मग सांगितलं, "कुमरेसनचा."